चंदाचा सलाम

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण चहा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. अर्धी फजिती ऐकून गेलेला माणूस उरलेली मनानं रचतो आणि गावभर सांगतो. माझी जेवढी झाली तेवढी मला पुरे आहे, त्यात भर नको.

निजामाच्या अमलातली गोष्ट. बोरीपासून बैलगाडीनं गेलं तर ऊन चढेपर्यंत पोचाल, एवढ्या अंतरावर आमचं गाव. मी गावचा माली पाटील. म्हणजे सरकारचा सारा गोळा करायचा, आणि कुणी अंमलदार दौऱ्यावर आला की त्याच्या जेवणापासून त्याच्या घोड्याच्या चंदीपर्यंत सगळं बघायचं. हुकूमत बेताची, वाकायचं काम मात्र भरपूर.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आम्हाला मुलगी झाली. चंदा. बायका घरी येऊन म्हणायच्या, 'पहिली बेटी, धनाची पेटी.' पण म्हणायच्या अशा आवाजात, की जणू कुणी आजारी आहे घरात! मला राग यायचा. मी एवढा खुशीत होतो की पाळण्यापाशी बसून बसून माझे गुडघे धरले होते, आणि या माझं सांत्वन करायला यायच्या.

त्यातच शेजारी माझा चुलतभाऊ दगडूदादा. गावचा पोलीस पाटील. त्याच महिन्यात त्याला मुलगा झाला, बापू. झालं! दादा ओट्यावर उभा राहून मिशीवरून हात फिरवायचा आणि मला सांगायचा, "आरं किसन, पोरगं हाय पोरगं. पाटीलकी चालवील उद्या."

मी मनाशी ठरवलं, थांब. माझी चंदा तुझ्या बापूला प्रत्येक बाबतीत मागं टाकते की नाही बघ.

आणि खरंच टाकलं हो! चंदा पालथी पडली तेव्हा मी समोर होतो. तसाच अनवाणी दादाच्या दारात गेलो. "दादा, बापू पडला का पालथा?"

"न्हाई अजून."

"आमची पडली." एवढं बोलून मी परत आलो. त्या दिवशी मला जेवण किती गोड लागलं म्हणून सांगू!

बसायला लागली तीही आधी. पहिला दात आला तो मीच बोटानं चाचपून शोधला, आणि तिनं कडकडून चावल्यावर ते बोट चावडीत सगळ्यांना दाखवून आलो. रांगायला लागली तेव्हा मी तिच्या मागोमाग रांगत अंगणापर्यंत गेलो होतो. चंदाची एकही पहिली गोष्ट माझ्या नजरेतून सुटलेली नव्हती, आणि हा माझा मोठा अभिमान होता. बाप लोक त्या काळी पोरांकडे बघत नसत. मी बघायचो. सगळ्यांदेखत बघायचो.

माझी माय वैतागायची. "आरं बाबा, लेक हाय का शंकरपटाचा बैल? निस्तं पळवायलास तिला."

पण चालायची वेळ आली आणि गाडी अडली. बापू चालायला लागला. दादानं त्याला जिंतूरच्या बाजारातून करकर वाजणारे जोडे आणले आणि रोज सकाळी आमच्या दारावरून त्याची वरात काढायला सुरुवात केली. आमची चंदा खांबाला धरून उभी राहायची, बापूकडे बघायची, आणि थप्पकन खाली बसायची.

मी रानात जायचं सोडलं. पहिलं पाऊल पडेल तेव्हा मी घरात नाही, असं होऊन चालणार नव्हतं. दिवसभर आपला ओट्यावर बसून पोरीच्या पायांकडे बघत राहायचो. आमची सरू, म्हणजे चंदाची आई, शेवटी म्हणाली, "अवं, तुमी रानात जावा बरं. तुमी असं टक लावून बघायलाव, ती कशी चालंल? मी बी न्हाई चालायची."

अशा नाजूक वेळी तो सलाम घडला.

गिरदावर साहेब पीकपाहणीला आले होते. मी लगबगीनं पुढं होऊन सलाम केला. मागं वळतो तर काय, ओट्यावर बसलेल्या चंदाचा उजवा हात कपाळाशी! अगदी बोटं जुळवून, मान किंचित झुकवून. गिरदावर साहेब म्हणाले, "वाह!" आणि माझ्या छातीचे बंद तुटायची वेळ आली.

कुणी शिकवलं नव्हतं, देवाशप्पथ. मी नंतर कितीदा म्हटलं, चंदा, सलाम कर, माझ्या राणी, सलाम कर. ढिम्म. मायला नाही, सरूला नाही, दादाला तर नाहीच नाही. पण पुन्हा गिरदावर आले, पुन्हा सलाम! तहसिलीतले पेशकार आले, त्यांनाही सलाम!

आता मी काही अगदीच बिनडोक माणूस नाही. मी विचार केला आणि निष्कर्ष काढला: पोरीला माणसाची पायरी कळते. हुद्देदार कोण आणि रयत कोण, हे ती नुसतं बघून ओळखते. चावडीत हे सांगितलं तेव्हा दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बापू करकर चालत होता खरा, पण चालतात तर शेळ्याही.

मग गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. ज्याचं नशीब उघडणार आहे त्याला माली पाटलाची पोर सलाम करते, असं गावात झालं. शाळेत मास्तरकी मागणारा एक जण धुतलेलं धोतर नेसून आमच्या ओट्यासमोरून चकरा मारून गेला. चंदानं त्याच्याकडे बघून जांभई दिली. बिचाऱ्यानं अर्ज करायचाच सोडून दिला. कुणी म्हणे ती उर्दू बोलते. मी ते खोडून काढलं नाही. आज नसेल बोलत, पुढं बोलेल, असं मला वाटायचं.

आणि एक दिवस खुद्द तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले. वयस्क, अदबशीर माणूस. शेरवानी, डोक्यावर रुमी टोपी. ते आले तेव्हा चंदाची न्हाणीत अंघोळ चालली होती. सईसानं घोडा वाड्यामागं लिंबाखाली नेऊन बांधला. साहेब ओट्यावर टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पटेल, सुना है तुम्हारी बच्ची आदाब करती है?"

मला वाटलं, आता जन्माचं सार्थक झालं.

अंगणात जाजम अंथरलं. बातमी कळून अख्खा गाव गोळा झाला. दादा बापूला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं येऊन उभा राहिला. सरूनं चंदाला नवं कुंचं घालून, तीट लावून मायच्या हाती दिलं आणि आपण पदर सावरून दाराआड थांबली. मायनं पोरीला जाजमावर, साहेबांच्या बरोबर समोर बसवलं.

"चंदा, साहेबांना सलाम कर."

चंदानं अंगठा तोंडात घातला.

"हे बघ, असा." मी साहेबांना सलाम करून दाखवला. आता साहेब पडले तहजीबवाले. समोरच्यानं सलाम केला तर उलट सलाम केल्याशिवाय त्यांना राहवेना. त्यांनी हात कपाळाला लावला.

"बघितलंस? आता तू." मी पुन्हा केला. साहेबांनी पुन्हा केला. मी जरा जास्त वाकलो. साहेबही जरा जास्त वाकले. मागं उभ्या असलेल्या गावाला वाटलं, हीच आज्ञा आहे. त्यांनीही सलाम केला. साहेबांनी गावाला केला. गावानं साहेबांना केला. दादानंही बापूला सावरत एका हातानं केला! सगळं अंगण एकसारखं वाकत होतं आणि उठत होतं, आणि मधोमध चंदा अंगठा चोखत आमचा तमाशा बघत बसली होती.

शेवटी साहेबांनी कंबरेवर हात ठेवला. "बस, पटेल, बस," ते म्हणाले. मग सईसाला हाक दिली, "घोड़ा लाओ."

माझा जीव कासावीस झाला. अख्ख्या गावासमोर माझी लेक हरली होती. दादा बापूच्या कानात काहीतरी सांगून हसत होता. आणि तेवढ्यात सईस घोड्याचा लगाम धरून वाड्याच्या कोपऱ्यावरून पुढं आला.

चंदानं तोंडातला अंगठा काढला. हात कपाळाला नेला. बोटं जुळवली, मान झुकवली आणि असा काही सुरेख सलाम केला की हैदराबादच्या दरबारात शोभावा.

घोड्याला!

घोड्यानं माशी उडवायला मान खालीवर केली. चंदाला तेवढं पुरलं. तिनं पुन्हा सलाम केला.

माझी माय सरळ बाई. समोर कोण आहे याचा तिच्या जिभेवर काही परिणाम होत नसे. ती म्हणाली, "आरं किसन, ही तर घोड्याला करायलीय की. तुझंच बघून शिकली. घोडं वळणावर दिसलं की तू हितं वाकायलाच लागतोस. वर कोन बसलंय ते तरी कुठं बघतोस? मागल्या बारीला गिरदावर वढ्यावर उतरलं हुतं, घोडं रिकामंच म्होरं आलं. त्याला बी केलास."

खरं होतं हो! अंमलदाराशिवाय घोड्यावरून आमच्या गावात येणार कोण? घोडं दिसलं की माझा हात आपोआप वर जायचा. आणि ओट्यावर बसलेल्या पोरीनं सरळ हिशेब लावला होता, की बाप वाकतो तो या चार पायांच्या साहेबापुढं.

दादा हसला. मग गाव हसलं. दाराआडून सरूचा खोकला ऐकू आला, आणि तो खोकला नव्हता हे मला कळत होतं. तहसीलदार साहेब मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "पटेल, बच्ची ने सबक ठीक याद किया है. उस्ताद ही ऐसा मिला."

आता भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी साहेबांपुढं आलो आणि वाकलो. "हुजूर, गलती हो गई, माफी," असं म्हणत जो वाकलो तो वाकलेलाच राहिलो. वर बघायची हिंमत कुणाला होती? मागं एकदम गलका झाला. लोक ओरडायला लागले, टाळ्या वाजायला लागल्या. मला वाटलं, माझीच टर उडवतायत. मी आणखी खाली वाकलो.

"पटेल," साहेब म्हणाले, "उधर देखो."

"हुजूर, माफी."

"अरे भाई, पीछे देखो!"

मी उठून वळलो. चंदा घोड्यापाशी होती. जाजमाच्या पार पलीकडं. सईसानं तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं होतं आणि ती घोड्याच्या नाकाला हात लावून खिदळत होती.

"हिला तिकडं कुणी नेलं?" मी विचारलं.

"नेतंय कोन?" माय म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उठली आन् गेली चालत. आपल्या पायानं. समद्यांनी बघितलं."

सरू दाराआडून कधीच बाहेर आली होती, पदराचंही भान नव्हतं तिला. मी दादाकडे बघितलं. आता हा काहीतरी बोलणार, असं वाटलं. पण दादानं बापूला खाली ठेवलं, आणि एवढा मिशाळ पोलीस पाटील, जाजमावर येऊन मला करून दाखवायला लागला. "हितनं उठली बघ. आशी डुलली. हितं मला वाटलं पडती, पर न्हाई, सावरली. मंग हात म्होरं करून सरळ घोड्यापस्तोर. किसन, खरं सांगतो, बापू एवढा सरळ न्हवता चालला." त्या दिवसापासून दादाशी माझी शर्यत संपली. पोरीचा अभिमान मात्र मला आजही मावत नाही.

तर असं. पोरीचं पहिलं पाऊल मायनं बघितलं, सरूनं बघितलं, दादानं बघितलं, तहसीलदार साहेबांनी बघितलं, साऱ्या गावानं बघितलं. घोड्यानं तर अगदी समोरून बघितलं. आणि जो बाप रान सोडून तेवढ्यासाठी बसला होता, त्यानं काय बघितलं?

साहेबांचे बूट. तपकिरी होते. डाव्याची नाडी सुटली होती.