नवरदेवाची मान

बसा, बसा. चहा सांगितलाय. तो येईपर्यंत माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. बायकोकडून ऐकलीत तर ती तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं सांगतो, या प्रकरणात तिखट लावायला जागाच शिल्लक नाही.

माझं दुकान बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत. माल एकच, लाकडी खेळणी. लेथवर कातलेली, लाखेच्या रंगानं अशी चमकणारी की माणूस आधी बोट फिरवतो आणि मग भाव विचारतो. पणजोबा कोकणातून काशीला आले ते पूजा सांगायला. मला मंत्र काही पाठ होईनात, म्हणून मी बाहुल्या विकतो. दुकानदारी मला कोणी शिकवली नाही. गिऱ्हाइकांनी शिकवली, तीही डोकं खाऊन खाऊन.

गेली काही वर्षं फोनवरून ऑर्डरी येतात. पुणे, सांगली, नाशिक, कुठून कुठून. "अय्या, काशीत मराठी बोलणारा दुकानदार!" या कौतुकानं लोक खरेदी करतात, आणि मग त्याच मराठीत तक्रार करतात.

तक्रार! नुसतं नाव काढलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. खोक्याच्या चारी बाजूंना आपण लाल अक्षरांत लिहायचं, 'नाजूक माल, हळू उचला'. पार्सलवाले ते वाचतात आणि ठरवतात, हं, फेकायचं ते हेच! एकदा मी डोळ्यांनी पाहिलंय. एकानं माझा खोका दुसऱ्याकडे असा भिरकावला, जसा नावाडी घाटावर दोर टाकतो. आणि त्या दुसऱ्यानं झेलला नाही हो, तो बाजूला सरकला! आता सांगा, रागावू नको तर काय आरती करू?

बरं, गिऱ्हाईक तरी सरळ असावं? एकानं लिहिलं, घोड्याचा पाय वाटेत तुटला, पैसे परत करा. मी फोटो मागवला, मोठा करून पाहिला. पायावर दातांचे व्रण! स्वच्छ, ओळीनं, चार! मी विचारलं, "साहेब, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?" तिकडून लगेच उत्तर आलं, "मोती." आणि मग एकदम शांतता. ती अजून चालू आहे.

त्या दिवसापासून माझी खात्रीच झाली, मी दुकानात चुकून बसलोय. माझा जन्म पोलिसखात्यासाठी होता. हीच ती खात्री, जिनं पुढे माझी माती केली.

झालं काय, नाशिकच्या वर्षाताईंची ऑर्डर आली. मुलीचं लग्न. रुखवतात मांडायला त्यांना सबंध वरात हवी होती. पुढे सनईवाले, ताशेवाले, मागे दोन हत्ती आणि मधोमध घोड्यावर नवरदेव. "रुखवताचं बाकी सगळं आम्ही घरी करतोय, भाऊ," त्या म्हणाल्या, "मधलं टेबल तेवढं तुमच्या वरातीसाठी मोकळं ठेवलंय."

आमचे कारागीर रामदुलारजी गंगेपलीकडे रामनगरला असतात. दीड महिना खपून त्यांनी ती वरात केली. नवरदेवाची मिशी तर इतकी बारीक, की मोजायला बसलात तर केस मोजता येतील. पॅकिंग मी स्वतः केलं. दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नाही.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. फोटो आलेला. नवरदेव घोड्यावर ताठ बसलाय, लगाम हातात, आणि खांद्यांच्या वर काही नाही! मुंडकं शेजारी ताटलीत ठेवलेलं. फेट्यासकट, मिशीसकट, मुंडावळ्यांसकट. आणि हसतंय!

खाली वर्षाताईंनी लिहिलेलं, "भाऊ, येत्या सोमवारी लग्न आहे. मुंडकं नसलेला नवरदेव मी कुठल्या तोंडानं मांडू? अपशकुन म्हणतील लोक. माझ्या जाऊबाईंनी तर बघितल्या बघितल्या देव पाण्यात घातले."

आता शहाण्या माणसानं काय लिहावं? 'ताई, चुकलं, काहीतरी करतो.' मीही तेच लिहायला घेतलं होतं, शप्पथ! पण बोट थांबलं. फोटो मोठा केला. ताटलीच्या मागे पार्सलातला चुरगळलेला कागद पडला होता. त्यावर छापील अक्षरं. देवनागरी. पण देवनागरी तर हिंदीही असते, म्हणून आणखी मोठा केला. एका ओळीत 'आहे' दिसलं. दुसऱ्या ओळीत चांगला गलेलठ्ठ 'ळ'!

मराठी कागद! बनारसमधून निघालेल्या पार्सलात! अहो, इथे पॅकिंगला भाताचं पुआल, म्हणजे आपला पेंढा, घालतात, नाहीतर हिंदी पेपर. मराठी पेपर आणू कुठून? आमच्याकडे मराठी बोलायला माणसं पुरत नाहीत, चुरगळायला पेपर कुठला!

"सापडली!" मी ओरडलो.

बायको गल्ल्यामागे बसून भिंगऱ्यांना दोरे लावत होती. "कोण सापडली?"

"नाशिकची! घरी कोणाच्या तरी हातून नवरदेव आपटलाय, आणि आपला पेपर मागे ठेवून फोटो काढलाय. कागद नाशिकचा आहे, हा बघ 'ळ'!"

"अहो, आधी जेवून घ्या. उपाशीपोटी तुम्ही जे बोलता ते मला नंतर निस्तरावं लागतं."

मी ऐकतो काय? फोन तोंडासमोर धरला आणि निरोप बोलायला लागलो. "वर्षाताई, मला भोळा भट समजलात का? माल काशीचा आणि कागद नाशिकचा? मी कागद बघून गाव ओळखतो! लबाडी करायची तर नीट करायची, निदान एखादा हिंदी पेपर तरी शोधायचा! मुलीच्या लग्नात खोटं बोलता, काही वाटतं का?" पुरी चार मिनिटं. दाराशी बसलेला सांडसुद्धा उठून पुढच्या दुकानासमोर जाऊन बसला.

मग मी जेवलो. पोटभर. वर शेजारच्या पानवाल्याला सगळी हकिकत ऐकवली. तो म्हणाला, "वाह गुरु! आप तो बाल की खाल निकालते हैं!" मी मान डोलावली. काय सांगू, त्या दोन तासांत माझ्याइतका हुशार माणूस अख्ख्या काशीत नव्हता.

पाचच्या सुमाराला वर्षाताईंचा फोन आला. मागे बायकांचा गलका.

"भाऊ, तुमचा निरोप ऐकला. स्पीकरवर ऐकला. लाडू वळायला मंडळी जमलीयेत, वीसेक जणी आहेत. सगळ्यांनी ऐकला."

"ऐकू दे! मी खोटं काय बोललो?"

"काही नाही. तो कागद मी सरळ केलाय. वाचून दाखवू का?"

"वाचा ना! खुशाल वाचा! नाशिकच्या कुठल्या दुकानाची जाहिरात आहे, तेवढं सांगा!"

"जाहिरातच आहे."

"बघा!" मी बायकोकडे बघून भुवई उडवली.

"वर लिहिलंय, 'मराठी मंडळ, वाराणसी. गणेशोत्सव स्मरणिका.'"

माझी भुवई वरच राहिली.

"पुढे वाचते हं. 'काशीची लाकडी खेळणी थेट तुमच्या दारात! एक ओरखडाही न पडता पोचवू, हा आमचा शब्द.' खाली फोटो आहे. मिशीवाले गृहस्थ आहेत. हसतायत. हे कोण हो, भाऊ?"

माझा हात आपोआप माझ्या मिशीकडे गेला.

"नाही, विचारलं एवढ्यासाठी की नवरदेवाचं मुंडकं या गृहस्थांच्या तोंडातच गुंडाळलेलं होतं."

तिकडे वीस बायका हसल्या. वीस! लाडू वळता वळता हसणाऱ्या बायकांचा आवाज तुम्ही कधी ऐकलाय? नका ऐकू.

इकडे बायको माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "मंडळाच्या मीटिंगमध्ये उभं कोण राहिलं होतं? 'उरलेल्या स्मरणिका रद्दीत कशाला घालता, मला द्या, मी कामाला लावतो,' असं कोण म्हणालं होतं?"

मीच म्हणालो होतो! दोन पोती भरून घेऊन आलो होतो, फुकट! पुआल घातलं की खोका फुगतो, मोठा लागतो. कागद घातला की लहान खोक्यात भागतं. केवढं डोकं चालवलं होतं मी! आणि पॅकिंगच्या दिवशी लाइट गेलेली. आमच्या गल्लीत भर दुपारीही संध्याकाळच असते. हात पोत्यात घालत होतो, मिळेल ते पान चुरगळत होतो, ठासत होतो. स्मरणिका मी चुरगळली, वाचली नाही. तशी ती मंडळातही कोणी वाचत नाही, पण ते जाऊ द्या.

म्हणजे मान मोडली ती पुआल नव्हतं म्हणून. पार्सलवाल्यानं काही केलं नव्हतं. वर्षाताईंनी काही केलं नव्हतं. आता मला सांगा, एवढा ताजा, गरमागरम राग डोक्यात चढलेला, तो कोणावर काढायचा? दुकानात आरसा होता, त्यात बघितलं. तोही डोळे वटारून बघत होता.

"ताई," मी म्हटलं, "चुकलं माझं. वाटेल ते बोललो."

"ते राहू द्या हो. मला नवरदेव द्या. सोमवारी मुहूर्त आहे. मधलं टेबल रिकामं दिसलं तर विहीणबाई विचारणारच, आणि मी त्यांना तुमचा निरोप ऐकवणार."

चार मिनिटांचा निरोप! लग्नाच्या मांडवात!

दुसऱ्या दिवशी सकाळीच पूल ओलांडून रामनगरला गेलो. रामदुलारजींसमोर फोटो धरला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढला आणि एकच शब्द विचारला, "पुआल?"

"काग़ज़," मी म्हटलं.

"भइया, हम डेढ़ महीना में बनाए, आप डेढ़ मिनट में मार दिए."

मी लागलो तणतणायला. लाकूडच कच्चं असेल, मानच बारीक कातली असेल... रामदुलारजी म्हणाले, "गुस्सा तो हमको आना चाहिए. आप काहे लाल हो रहे हैं?"

मी खाली बसलो, हात जोडले, म्हटलं, एका पोरीचं लग्न आहे. तेव्हा कुठे ते उठून लेथपाशी गेले. पार्सल आता पाठवलं तर लग्न होऊन मुलगी माहेरपणाला येईल तेव्हा पोचणार, हे त्यांनाही ठाऊक होतं. शुक्रवारी संध्याकाळी घोड्यासकट नवरदेव तयार. बिछान्यासारखं पुआल घालून त्यांनी स्वतः खोका भरला, स्वतः दोरी बांधली आणि माझ्या हातात दिला. "अबकी खुद ले के जाइए. भरोसा तो आप पर भी नहीं है, मगर और कोई है नहीं."

दुकानाचा फोन बायकोकडे दिला आणि शनिवारी गाडीत बसलो. खोका मांडीवर. समोरचा पोरगा म्हणतो, "अंकल, सीट के नीचे रख दीजिए." नीचे? तिथे लोक पाय ताणतात! "तो ऊपर रख दीजिए." ऊपर? पडेल! "तो सो कैसे पाएंगे?" मी म्हटलं, तू तुझं बघ! सबंध प्रवास मी खोक्याला कवटाळून बसलेला. डोळा लागायचा, मान खोक्यावर पडायची, मी दचकून उठायचो. चहावाला आला की खोक्यावर ओणवा व्हायचो, न जाणो सांडला तर! प्रत्येक धक्क्याला मी इंजिन ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

रविवारी नाशिकरोडला उतरलो तेव्हा मान डावीकडे वळलेली होती आणि परत सरळ यायला तयार नव्हती. तशीच वाकडी घेऊन कार्यालयात पोचलो. दारात नुसतं "नमस्कार" म्हटलं, तर आतल्या बायका एका सुरात ओरडल्या, "आवाज तोच!"

रुखवत मांडून झालेलं होतं. पाच प्रकारचे लाडू, रव्याची तुळस, लोकरीचे पोपट. मधल्या टेबलावर सनईवाले होते, ताशेवाले होते, हत्ती होते, आणि मधे वीतभर रिकामी जागा.

वर्षाताईंनी दोरी सोडली. पुआल बाजूला केलं. नवरदेव उचलला, उजेडात धरला, दोन बोटांनी मान हलवून बघितली. हलेना. फेट्यावर चिकटलेली एक काडी फुंकरीनं उडवली आणि त्याला त्याच्या जागी उभा केला. मग पदराच्या टोकानं घोड्याची पाठ पुसली. मला वाटलं, सुटलो!

तेवढ्यात त्यांनी फोन काढला आणि माझा फोटो घेतला. मान वाकडी, केस विस्कटलेले, शर्टाला पुआल चिकटलेलं.

"हा कशाला?" मी डावीकडे बघत विचारलं. दुसरीकडे बघताच येत नव्हतं.

"वहिनींना पाठवते, काळजीत असतील," म्हणाल्या, आणि फोन माझ्या डाव्या बाजूला आणून धरला. लिहिलं होतं, "वहिनी, नवरदेव मिळाला. मान शाबूत आहे. सोबत आलेल्या माणसाची मान मात्र पूर्ण वाकडी आहे. बदलून मिळेल का?"

मी वाचतोय तोवर बायकोचं उत्तर आलंसुद्धा.

"वाटेत झालेलं नाही, ताई. आमच्याकडून निघतानाच माल तसा होता."