गावं गोळा करणाऱ्या मॅडम

आमच्या छोट्या संग्रहालयात वस्तू थोड्या अन् किस्से फार! मी तिकीट खिडकीवर बसतो. माणूस आलं की तिकिटाआधी किस्साच तोंडावर येतो, अन् तो नेमका शैला मॅडमचाच. कोणतं गाव कसं वसलं, कोणता बंजारा तांडा कुठून येऊन थांबला, हे जुन्या माणसांकडून ऐकायचं अन् पोरांना सांगायचं, ही त्यांची ड्यूटी. "माणसं चाललीत हो, गोष्टीही सोबत चालल्यात," हा एकच घोर त्यांच्या जिवाला.

*

पुसेगावच्या शाळेत मॅडमनी सांगितलं, "उद्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणा." कुणी अडकित्ता आणला, कुणी कंदील. एक पोरगी आजोबालाच हाताला धरून घेऊन आली! मॅडमनी त्यांना खुर्ची दिली.

"तुमी बसले ना, तिथं आमची मेंढरं बसायची," आजोबांनी सुरुवात केली, ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग आजी-आजोबा घेऊन हजर!

हेडसर म्हणाले, "मॅडम, इतिहास ठीक हाय, पण एवढा चहा कोण करणार?"

*

जवळा बाजारला आठवडी बाजारात मॅडमनी जुने फोटो मांडले, मी मदतीला सोबत. बाया भाव विचारायला लागल्या. "इकायचं न्हाई तर मांडलं काहून?"

तेवढ्यात दोन म्हातारे जुंपले. आधी गाव वसलं का आधी बाजार भरला! मी मधी पडायला गेलो, तर मॅडमनी मलाच मागं ओढलं.

"मिटवू नका हो! रेकॉर्डिंग चालू आहे!"

*

कनेरगाव नाक्याला ढाब्यावर मॅडम टेबलभर नकाशा पसरून बसल्या. बैलांवर मीठ लादून तांडे कोणत्या वाटेनं जायचे, ते शोधून राहिल्या होत्या.

ढाबेवाला ताट घेऊन उभा. "मॅडम, तेवढा जिल्हा बाजूला सरकवा, शेवभाजी गार होऊन राहिली!"

*

आता सोनाआजीचा किस्सा. तांड्यावर नवरी सासरी निघताना बैलावर उभी राहून, रडत गाणं म्हणते. त्याला हवेली म्हणतात. जुनी हवेली पूर्ण येणारी सोनाआजी एकटीच उरलेली. मॅडमनी तिच्याकडं किती खेपा घातल्या! आजीचं एकच, "सासरी कुणी जाऊन न्हाई राहिलं, मंग काहून म्हनू?" आजी थकत चालली, इकडं मॅडमची झोप उडालेली.

यंदा मॅडमची बदली झाली. निरोप घ्यायला आम्ही तांड्यावर गेलो. आजीनं दावणीचा बैल सोडून अंगणात आणला.

"चढ."

"मी? आजी, पडेन हो मी!"

"हे धरतेत की," आजीनं माझ्याकडं बोट केलं. मी एका बाजूनं धरलं, आजीच्या सुनेनं दुसऱ्या. मॅडम कशाबशा बैलावर उभ्या राहिल्या.

"म्हणा ना आजी," मॅडम वरून म्हणाल्या.

"मी कुठं चालले? जानारीनंच म्हनायचं असतंय. मी सांगते, माज्या मागं म्हन. अन् रडत म्हन."

मॅडम तर केव्हाच्याच रडून राहिल्या होत्या.