दिवा कसा उतरतो

डिमरकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता सांगता येणार नाही. नाट्यगृहातल्याच कुणा टवाळानं ठेवलं असणार. पण ते असं चिकटलं की पुढे सोसायटीच्या पाटीवरचं खरं नाव वाचून लोक विचारायचे, हे कोण नवीन राहायला आलेत? काकांचं काम प्रेक्षकांच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, काचेच्या एका खोलीत बसून रंगमंचावरचे दिवे डिमरनं चढवण्या-उतरवण्याचं, म्हणजे कमी-जास्त करण्याचं. सकाळ करायची, दुपार करायची, खलनायक आला की जरा अंधारून आणायचं. तालमीत दिग्दर्शक खालून ओरडायचा, "काका, संध्याकाळ द्या!" आणि काका बोटाच्या टोकानं अशी संध्याकाळ द्यायचे की पुढच्या रांगेतली माणसं नकळत हळू आवाजात बोलू लागायची.

गंमत अशी की साऱ्या गावाला संध्याकाळ वाटणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरी मात्र संध्याकाळी त्याचा पत्ता नसायचा. प्रयोग संध्याकाळीच असतात, त्याला कोण काय करणार? काकू दिवेलागणीला एकट्या. मुलीचा अभ्यास एकटीनं घेतला, तिचे ताप एकटीनं काढले, तिला बघायला आलेल्या मंडळींना चहाही एकटीनंच दिला. काका त्या वेळी कुठल्यातरी नाटकात कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाला उजेड देत होते. काकूंनी याचा कधी बाऊ केला नाही. फक्त निवृत्तीची तारीख ठरली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला दुसरं काही नको. संध्याकाळी हॉलमध्ये बसून माझ्याबरोबर पत्ते खेळा."

"आता सगळ्या संध्याकाळी तुझ्या," काका म्हणाले. आणि त्या क्षणी त्यांना ते अगदी मनापासून म्हणायचं होतं, हे मी छातीठोकपणे सांगतो.

निवृत्तीच्या दिवशी नाट्यगृहातल्यांनी शाल-बिल दिलीच, पण काकांनी मागून घेतला तो तालमीच्या खोलीतला जुना डिमर. भिंतीत बसवायचा, जाड गोल बटणाचा. ते फिरवलं की दिवा लहान-मोठा होतो. घरी येताच त्यांनी तो हॉलच्या भिंतीत बसवला. काकूंना प्रखर उजेड सोसत नसणार, तेव्हा संध्याकाळी पत्ते खेळताना हॉलमध्ये मंद, उबदार उजेड हवा, असं त्यांनी ठरवलं. आणि उजेडाच्या बाबतीत काकांनी एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे.

अडचण इतकीच होती की तारेचे जुने बल्ब आता दुकानात मिळेनात. सगळे एलईडी. काका दिव्यांच्या दुकानात गेले आणि दुकानदारानं मंद करता येणारे, डिमेबल लिहिलेले खोके समोर मांडले. पहिला बल्ब घरी आणला. अर्ध्यापर्यंत उतरला आणि पटकन विझला. काकांनी तो असा परत नेला की जणू कुणी त्यांचा अपमान केला होता. दुसरा उतरायचा, पण उतरताना माशी अडकल्यासारखा गुणगुणायचा. तिसरा गुपचूप उतरला, पण शेवटपर्यंत दवाखान्याच्या बोळासारखा पांढराफटक. खरा दिवा उतरताना आधी पिवळा होतो, मग केशरी होतो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"काका, दिवा निवडताय की जावई?" दुकानदार अखेर म्हणाला.

"जावई निवडायला मी घरी नव्हतो," काका म्हणाले. "दिवा तरी नीट निवडू दे."

चौथा दिवा मात्र काकांच्या मनासारखा निघाला. दुकानातल्या डिमरवर तो लोण्यासारखा उतरला, जाता जाता केशरी झाला आणि अगदी तळाला ठिणगीएवढा होऊन थांबला. काकांचे डोळे भरून आले. दुकानदारानं खोक्यामागची बारीक अक्षरं दाखवली. "तुमचा डिमर कुठला आहे ते एकदा बघा हं. काही डिमरशी याचं जमत नाही."

"माझा डिमर तुझ्या जन्माआधीचा आहे!" काका अभिमानानं म्हणाले. तोच नेमका प्रश्न होता, पण अभिमान चढला की माणसाला प्रश्न ऐकू येत नाही.

त्या संध्याकाळी काकांनी सगळे जुने दिवे काढले, नवे लावले, काकूंना सोफ्यावर बसवलं आणि बटण हळूहळू फिरवलं. हॉलमध्ये संध्याकाळ उतरली. काकू "छान आहे हो" म्हणाल्या. पत्ते वाटले गेले. पहिला डाव काकूंनी जिंकला, दुसराही. तिसऱ्या डावाला त्यांनी पानं उलटी ठेवली आणि कपाळ दाबलं.

"डोकं ठणकायला लागलंय."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. काकू म्हणाल्या, "अहो, हा दिवा काहीतरी करतोय. थरथरतो का तो?" काकांनी दिव्याकडे टक लावून पाहिलं. बटण वर नेलं, खाली आणलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. दिवा राजासारखा चढत-उतरत होता. "कुठे थरथरतोय? सगळा जन्म यात गेला माझा. दिवा थरथरला तर मला कळणार नाही?"

इथे काकांची चूक काय होती ते नीट सांगायला हवं, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून झालीच नसती. रंगमंचावर दिवा एका जागी फार वेळ थांबत नाही. तो येतो, जातो, चढतो, उतरतो. काकांनी सगळं आयुष्य दिव्याचा प्रवास पाहिला. तो हिसका देतो का, मध्येच अडखळतो का, तळाला पोचताना मरतो का, एवढंच ते बघायचे, आणि ते त्यांच्याइतकं कुणी बघत नसेल. पण घरात दिव्याला प्रवास नसतो. एकदा मंद केला की तो तासन् तास तिथेच असतो आणि त्याच्याखाली एक माणूस बसलेलं असतं. काकांनी दिवा उतरतो कसा ते पारखलं. उतरून बसल्यावर तो काय करतो, हे पारखायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

चष्मा बदलला. रक्तदाब तपासला. डोळ्यांच्या डॉक्टरनं "काही नाही" म्हटलं, तेव्हा काका विजयी मुद्रेनं काकूंकडे बघून हसले. ते हसणं त्यांना पुढे फार छळणार होतं. पाहुणे आले की काका त्यांना सोफ्यावर बसवून दिवा उतरवून दाखवायचे. पाहुणे वा वा करायचे. काकू कपाळाला हात लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायच्या आणि पाहुणे गेले की आत जायच्या. मग पाहुणे नसतानाही आत जाऊ लागल्या. "तुम्ही बसा, मी जरा पडते." आतल्या खोलीत त्या दिवा न लावताच पडून राहायच्या.

"मनाचे खेळ आहेत गं हे," काका एकदा दारातून म्हणाले. "हॉलमध्ये आलीस की दुखतं, आत गेलीस की थांबतं. असं कुठे असतं का?"

काकूंनी नुसती कूस बदलली. एरवी त्या एका शब्दाला दोन शब्द देणाऱ्या.

मग मुलीचा हात मोडला. काकू तिच्याकडे मदतीला गेल्या. पंधरवड्यासाठी म्हणून गेल्या. हात जुळला, प्लास्टर निघालं, मुलगी पुन्हा कामावर जाऊ लागली, तरी काकू तिथेच. कधी मुलीच्या सासूबाईंचे गुडघे दुखत होते, कधी घराला रंग द्यायचा होता, कधी काय. काका लोकांना सांगायचे, "लेकीला गरज आहे ना." आणि संध्याकाळी एकटेच हॉलमध्ये दिवा उतरवून बसायचे. एकट्यानं पेशन्सचा डाव लावून बघितला, पण त्यात मजा नव्हती.

एका संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. मागे काकू दिसत होत्या. चेहरा भरलेला, केस नीट विंचरलेले, कशाला तरी हसत होत्या. काकांना आनंदही झाला आणि काळजात कुठेतरी टोचलंही. आपण इथे झुरतोय आणि ही तिथे हसतेय! तरी ते उत्साहानं म्हणाले, "आईला दाखव गं, मी सोफ्याची जागा बदललीय." आणि त्यांनी फोन हॉलभर फिरवला.

"बाबा, हे काय?" मुलगी म्हणाली. "तुमच्या दिव्याचे पट्टे पट्टे दिसतायत. काळे. सारखे पळतायत."

"तुझ्या फोनचं काहीतरी असेल."

"माझ्याकडचं सगळं नीट दिसतंय. तुमच्याकडेच आहेत."

पडद्याच्या कोपऱ्यात काकूंनी मान दुसरीकडे वळवली. ऊन डोळ्यांवर आल्यावर माणूस वळवतं तशी.

कॉल संपला. काकांनी फोनचा कॅमेरा चालू करून दिव्यासमोर धरला. पट्टे होते. काळे, जाडे, एकामागून एक पडद्यावरून खाली सरकणारे. त्यांनी बटण फिरवून दिवा पूर्ण मोठा केला. पट्टे गेले. थोडा उतरवला. पट्टे आले. जितका मंद, तितके काळे. त्यांनी फोन बाजूला ठेवून उघड्या डोळ्यांनी दिव्याकडे बघितलं. दिवा शांत, केशरी, देखणा. त्यांना काहीही दिसत नव्हतं. तो प्रत्येक सेकंदाला कितीतरी वेळा विझत होता आणि पेटत होता, आणि ज्या डोळ्यांवर त्यांनी पोट भरलं ते डोळे त्यांना सांगत होते की सगळं ठीक आहे.

काका खाली बसले. काकूंचा प्रत्येक शब्द त्यांना आठवायला लागला. थरथरतो का तो, असंच तर तिनं विचारलं होतं. नेमका तोच शब्द. आपण त्यावर काय म्हणालो ते आठवून त्यांचे कान तापले. मनाचे खेळ. आणि ते डॉक्टरसमोरचं हसणं! आपण इतके कसे मूर्ख, असं ते मोठ्यानं म्हणाले, पण ऐकायला कुणी नव्हतं. मूर्खपणाचं एकवेळ चालतं. आपण तिला खोटं ठरवलं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

सकाळी त्यांनी भिंतीतला जुना डिमर काढला. दुकानदाराकडून नवा आणला, दिव्यांशी जमणारा. दिवेही बदलून घेतले. यावेळी खोक्यामागचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि कॅमेरा समोर धरून तपासलं. एक पट्टा नाही. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं होतं. एवढंसं काम, ते पहिल्या आठवड्यात करता आलं असतं. तेवढ्यासाठी आपण तिच्या किती संध्याकाळी वाया घालवल्या, हे मोजायचं धाडस त्यांना झालं नाही.

जेवण तसंच टाकून ते मुलीकडे गेले. मुलगी कामावर होती. हॉलमध्ये काकू आणि विहीणबाई पत्ते खेळत होत्या. वर साधी पांढरी ट्यूब. विहीणबाईंनी काकांचा चेहरा पाहिला आणि चहाचं निमित्त काढून आत गेल्या. काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. जुना डिमर, नवा दिवा, त्यांचं न जमणं, कॅमेऱ्यातले पट्टे. बोलता बोलता त्यांना धाप लागली.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मला खरंच दुखत होतं," त्या म्हणाल्या.

"हो गं. खरंच दुखत होतं. चुकलंच माझं."

"मला माहीतच होतं की दुखतंय. डोकं माझं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि काकांना वाटलं, चढला असता तर बरं झालं असतं. "मी इतक्यांदा सांगितलं. तुम्ही दर वेळी दिव्याकडे बघितलंत. माझ्याकडे एकदा तरी बघितलंत का? आणि मोबाइलनं सांगितल्यावर मात्र लगेच पटलं."

मग जो प्रश्न त्यांनी पहिल्या संध्याकाळी विचारायला हवा होता, तो त्यांनी विचारला. "आता दुखतं का गं?"

"इथे नाही दुखत."

आतून कपांचा आवाज आला. काकांनी घसा खाकरला. "दिवा छान झालाय आता. घरी येशील ना?"

"येईन की," काकू म्हणाल्या. त्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलावं तशा त्या बोलत होत्या. "अधूनमधून येत जाईन. दुपारची येईन. संध्याकाळी इथे आमचं बसणं असतं ना."

विहीणबाई चहा घेऊन आल्या. काकूंनी कप काकांच्या हातात दिला, बसायला खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "चहा घेऊन जा हं."