नदीतला खराटा

खाप्याला कन्हान नदीच्या पात्रात पाणी खेचणाऱ्या पाइपाचं तोंड होतं. तिथं अडकलेला पालापाचोळा काढायला नत्थू बुड्या मारायचा. त्याचा दम पाहून नागपूरचे साहेबही तोंडात बोट घालायचे. पण वर येताना डोक्यावर काय आहे ते त्याला दिसायचं नाही. बहात्तर साली रेती वाहणाऱ्या नावा, म्हणजे डोंगे, वाढले आणि एका डोंग्याच्या तळानं त्याचा खांदा सोलून काढला. डोकं वाचलं, एवढंच.

जखमेवर हळद दाबतानाच त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, ठरवलं की तो खाली असला की वर खूण हवी. वाळलेला भोपळा तिनं लाल कापडात गुंडाळला आणि नत्थूला तो दोरीनं पाइपाला बांधायला लावला. लाल रंग दुरून दिसतो.

दुसऱ्या दिवशी नत्थू खाली गेला, आणि रेतीवाल्या बळीरामचा डोंगा वळायचं सोडून थेट भोपळ्यावरच आला. रुखमाबाई ओरडत कमरेएवढ्या पाण्यात शिरली. बळीरामनं वाकून कापड उचकटलं आणि त्याचं तोंड पडलं.

"नारळ नाही काय याच्यात?"

"मेल्या, खाली मानूस हाये!"

"मले काय मालूम, वहिनी? वाटलं, कोनी नदीची ओटी भरली."

ओटीचा नारळ जो आधी गाठेल त्याचा, हा डोंगेवाल्यांचा शिरस्ता. आपण नवऱ्याच्या डोक्यावर आमिषच बांधलं, हे तिला कळलं.

घरी अंगण झाडता झाडता ती थबकली.

"भोपळ्याले हे बांधा."

"खराटा? माह्या डोक्यावर?" नत्थू उखडला. "लोकं हासतीन वं!"

"हासू द्या. पन हात लावाले कोनी येनार नाही."

दुसऱ्या सकाळी भोपळ्याला खालून दगड लटकवल्यावर खराटा पाण्यावर ताठ उभा राहिला आणि नत्थू खाली गेला. रेतीनं भरलेला बळीरामचा डोंगा जवळ आला.

"थू! सकायी सकायी खराटा!" म्हणत त्यानं डोंगा पार पलीकडच्या काठाकडे वळवला. मागचे दोन डोंगेही त्याच वाटेनं गेले.

नत्थू वर आला तेव्हा डोक्यावर नुसतं आभाळ होतं.

"गेला काय गा तो?"

"गेला. शिव्या देत गेला."

"कोनाले?"

"मले. दुसऱ्या कोनाले देनार?"

नत्थू इतका हसला की नाकात पाणी गेलं.

"खिदळता काय? पाइप अर्धा भरून हाये अजून."

तो पुन्हा खाली गेला. रुखमाबाईनं एकदा पात्रावर नजर फिरवली, मग मांडी घालून भाकरीचं फडकं सोडलं आणि दोघांसाठी कांदा फोडायला घेतला.