साडूंचा राजीनामा

नोकरी सोडण्याचा विचार हा पूर्णवेळ व्यवसाय असू शकतो, हे मला माझ्या साडूंमुळे कळलं. खराडीतल्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअरचं काम करत, पण त्यांचं खरं काम म्हणजे ती कंपनी सोडणं. नऊ वर्षं ते ती सोडत होते. दर रविवारी विश्रांतवाडीहून स्कूटरवर येऊन राजीनाम्याचा नवा मसुदा मला वाचून दाखवत. कंपनीचा सगळा व्यवहार इंग्रजीत, मसुदा मात्र मराठीत. “दादा, राग मातृभाषेतच नीट येतो,” असं त्यांचं म्हणणं. एकदा ‘सखेद’ लिहावं की नाही यावर दोन तास गेले. खेद होत नव्हता, आणि ‘सहर्ष’ उद्धट दिसत होतं. शेवटी नुसत्या ‘कळावे’वर तडजोड झाली. मीही वडीलकीच्या नात्याने दरवेळी सांगायचो, “थोडं थांबा.”

सल्ला ते कुणालाही विचारत. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात हत्यारं घातलेली असतानाही त्यांनी विचारलं, “सोडू का?” डॉक्टर म्हणाले, “आधी चूळ भरा.” एकदा रिक्षावाल्याला सगळी कहाणी ऐकवली. चौक आला तसा तो म्हणाला, “सायेब, हितं उतरायचं हाय का फुडं जायचं, तेवढं सांगा.” या वाक्यात केवढा अर्थ भरलाय, हे साडू मला आठवडाभर समजावत होते. रिक्षा पुढेच गेली होती, हे सांगायला नको.

आम्ही हसायचो, पण रविवारी दुपारचे चार वाजले की सोमवार आठवून ते चहाही अर्धाच सोडत, हेही खरं. त्यांचे साहेब चारचौघांत पाणउतारा करण्यात पटाईत होते. वडिलांच्या ऑपरेशनसाठी साडूंनी रजा मागितली, तेव्हा साहेबांनी विचारलं, “ऑपरेशन तुम्ही करणार आहात का?” साडूंनी ‘नाही’ म्हटलं, आणि रजाही ‘नाही’ झाली.

अशात कसबा पेठेतून बोलावणं आलं. तांब्याच्या भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, माणसं चार, आणि अंधांना फोनवरून मराठी पुस्तकं ऐकवणारी प्रणाली बनवायचं काम. पगार कमी. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. गुरुवारी रात्रीपर्यंत साडूंनी अर्ध्या पुण्याचं मत घेतलं आणि ‘नको’ असं कळवायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी अकोल्याहून आलेल्या एका नव्या मुलीला उभं केलं आणि तिची चूक वीस जणांसमोर मोठ्याने वाचायला लावली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, “पुन्हा.” तेव्हा साडू उठले.

“साहेब, चूक माझी आहे. तपासून मीच पाठवलं होतं.”

“मग तुम्ही वाचा!”

“मी वाचत नाही. मी निघतो.”

आणि खरोखरच निघाले. जागेवर जाऊन कसब्याला ‘हो’ कळवलं आणि एका ओळीचा राजीनामा पाठवला. त्या एका ओळीतही व्याकरणाची चूक होती. दुपारी मेहुणीचा घाबऱ्या आवाजात फोन आला, “भाऊजी, हे भरदिवसा घरी आलेत आणि पोहे मागतायत!”

गेल्या महिन्यात मी कसब्यात गेलो होतो. खालून तांबं ठोकल्याचा आवाज येत होता, आणि वर साडू एक गोष्ट मोठ्याने वाचत होते. शेजारी एक अंध निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. “अहो, ‘बाण’ म्हणा, ‘बान’ नव्हे. ण कुठे ठेवून आलात?” त्या खेकसल्या. साडू पोट धरून हसले आणि पुन्हा वाचू लागले. मी दारातच उभा राहिलो. आत जावंसं वाटेना.

माझ्याही कचेरीत एकदा एका मुलीला असंच सगळ्यांसमोर उभं केलं होतं. मी समोरच होतो, फायलीत मान घालून. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. तिचं नाव मला अजून आठवतं.