मुर्ध्याच्या भिंतीवरचे डॉल्फिन

मनोरमा सावंत यांनी तीस वर्षं मुंबईतल्या शाळांत चित्रकला शिकवली. निवृत्तीनंतर त्या पूनम सागर वसाहतीत राहायला आल्या, तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं, घरात बसून फुलदाण्या रंगवायच्या नाहीत. दर रविवारी रिक्षा करून त्या जवळच्या मुर्धा गावी जायच्या आणि तिथल्या समाजमंदिरात मासे विकणाऱ्या बायकांना चित्रं काढायला शिकवायच्या. गावात सगळे त्यांना बाय म्हणत.

खाडीकाठी एक लांबलचक सरकारी भिंत होती, पिचकाऱ्यांनी बरबटलेली. तिच्यावर हे गावच काढायचं, असं मनोरमाबाईंच्या मनाने घेतलं. बोंबील वाळत घालणारी सुलू, आणि मिठागरात उभी हयात गेलेला नाथा. बायकांनी भिंत घासली, बाईंनी चुना मारून कोळशाने चित्र आखलं. कोळसा काय, पुसता येतो. रंग मात्र परवानगीशिवाय लावायचा नाही, असा त्यांचा हट्ट.

परवानगीपायी आठ महिने गेले. पालिका कार्यालयातले उत्तमराव आधी म्हणाले, "फाइल वर गेलीय." चार खेपांनंतर म्हणाले, "खाली आलीय, पण सही राहिलीय."

एका मंगळवारी सकाळी सुलूचा फोन आला.

"बाय, लवकर ये. तुझ्या भिंतीवर कोनतरी निळा रंग लावतंय."

बाई पोचल्या तेव्हा अर्धी भिंत निळी झाली होती. ठेकेदाराचा रंगारी चंदन मोबाइलमध्ये बघून डॉल्फिन काढत होता. नाथाचं तोंड रंगाखाली गेलं होतं, नुसते पाय उरले होते.

"थांबवा हे! इथे आधीच चित्र आखलंय, दिसत नाही?"

"मॅडम, ऊपर से यही डिझाइन आया है," चंदन अवघडून म्हणाला. "मेरे को लगा बच्चों ने कोयले से खेला है."

बाई तिथूनच मागे फिरल्या. तशाच त्या कार्यालयात गेल्या. उत्तमराव शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, ते सुशोभीकरणाचं टेंडर, तुमचा अर्ज वेगळा. तुमचा चालूच आहे की."

आणि खरंच तो चालू होता. तीन आठवड्यांनी पत्र आलं: मुर्धा खाडीलगतच्या भिंतीवर चित्र काढण्यास मंजुरी. सहीशिक्क्यासकट.

पत्र वाचून बाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन त्या थेट भिंतीपाशी गेल्या आणि पहिल्या डॉल्फिनच्या शेपटीवर ब्रश टेकवला.

"अगो बाय, काय करतेस?" सुलू टोपली खाली ठेवून धावत आली. "चांगलं हाय ना ते! पोरं फोटो काढतान तिथं."

"इथे तू होतीस, सुलू! या खाडीत डॉल्फिन पाहिलाय कुणी?"

"मी रोज आरशात दिसतेच मला. डॉल्फिन कुठं दिसतोय?"

जमलेल्या बायका हसल्या. बाईंची कानशिलं तापली. उन्हातान्हात भिंत घासली ती ह्याच बायकांनी, आणि आता ह्याच ब्रश अडवायला येतायत! त्यांनी आशेने बाजूच्या कट्ट्यावर बसलेल्या नाथाकडे पाहिलं.

"राहूं दे, बाय," नाथा म्हणाला. "मिठागर न्हाय राहिलं. आता पोरांना त्यातलं काय कळनार?"

"म्हणूनच तर काढायचं होतं!" बाई ओरडल्या. स्वतःच्या आवाजाने त्याच दचकल्या.

बायका हळूहळू पांगल्या. बाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. शेपटीवरचा पांढरा डाग तसाच राहिला. कट्ट्यावर बसून त्यांनी पिशवीतून मूळ कच्चं चित्र काढलं आणि नाथापुढे धरलं. "घ्या. तुम्हीच ठेवा. मला घरी बघवत नाही."

नाथाने कागद लांब धरून डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं.

"ह्ये चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मीठ ओढायची फळी अशी न्हाय धरत. कंबर मोडंल." तो उठला, पाय फाकवून उभा राहिला आणि नसलेली फळी छातीशी ओढू लागला. "अशी. बघ."

इतके महिने समोर बसवून चित्र काढलं, तेव्हा हा माणूस तोंडातून ब्र काढत नव्हता. बाईंचा पारा पुन्हा चढला.

"मग आत्ता सांगताय?" त्या म्हणाल्या, आणि पिशवीत पेन्सिल शोधू लागल्या. "हलू नका. तसेच उभे राहा."