हेडसरांचे खाते

आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंना सगळे कार्डताई म्हणतात. चौतीस वर्षांत त्यांची एकही नोंद चुकलेली मी पाहिली नाही. परत आलेले पुस्तक नुसते हातात घेतले तरी ते वाचून आले की तसेच आले, हे त्यांना कळते.

यंदा वाचनालयाची वेबसाइट झाली. प्रत्येक सभासदाचे वेगळे खाते. त्यात आपली आवड भरली की पहिल्याच पानावर त्याप्रमाणे पुस्तके सुचवली जाणार. आम्हा म्हाताऱ्यांना भरायचा कंटाळा. तुम्हीच भरा, आमच्यापेक्षा तुम्हालाच ठाऊक, असे म्हणत आम्ही ते काम ताईंच्या गळ्यात घातले. त्यांनी एकशे ऐंशी खाती आठवणीतून भरली. मी चरित्रे वाचते असे आजवर जगाला सांगत आले. माझ्या खात्यात खुनांच्या सात कादंबऱ्या निघाल्या. मी गुपचूप एक मागवली.

हेडसरांना मात्र ते सोसले नाही. निवृत्त मुख्याध्यापक, जाडजूड इतिहासाखेरीज कशाला हात न लावणारे. त्यांना छोट्या गोष्टी आणि ऐकायची पुस्तके सुचवली होती. बुधवारी ते कार्यकारिणीच्या बैठकीत आले आणि या बाईंना काढून टाका म्हणाले. अध्यक्ष मान डोलावत होते. मग पुरावा दाखवायला सरांनी भिंतीवरच्या पडद्यावर आपले खाते उघडले. खाली सरकत सरकत ते ‘यापूर्वी नेलेली पुस्तके’ इथे थांबले.

मार्चपासून एकच नाव. एका युद्धाच्या इतिहासाचा पहिला खंड. पाच वेळा, पाच वेगळ्या तारखांना.

इतिवृत्त मीच लिहीत होते; पेन जागीच थांबले. अध्यक्षांची मानही थांबली.

“हे तर मी अजून वाचलंच नाहीये,” सर हळूच म्हणाले. “आज नेणार होतो.”

ते आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. कोणी त्यांच्या नजरेला नजर देईना.

ताई दाराशी उभ्या होत्या. नोकरी वाचवायला त्यांना एक वाक्य पुरले असते.

“चूक माझी आहे, सर,” त्या म्हणाल्या. “एकच नोंद मी पाचदा केली. आणि आवडही भलत्याच कुणाची तुमच्या खात्यात भरली.”

“बघा, मी म्हणत नव्हतो?” सरांचा चेहरा सैल झाला. “कबूल केलंत ना, मग झालं. काढायचं वगैरे राहू द्या.”

जाता जाता त्यांनी तो पहिला खंड काढून ठेवायला सांगितले.

“ठेवलाय, सर.”

इतिवृत्तात चूक ताईंच्याच नावावर लिहायची होती. मी दोनदा कागद फाडला. त्यांनी माझे लिहिणे होईपर्यंत शेजारी उभे राहून वाट पाहिली, सगळे वाचले, आणि खाली सही केली.